नववा प्रश्न

चंदाचा भाऊ भारत आमच्या दवाखान्यात दगावला तेव्हा मी अजून डॉक्टरांच्या घरची सून झालेली नव्हते. माझं लग्न दोन वर्षांनंतरचं. त्यामुळे मी जे सांगणार आहे त्यातलं काही चंदाकडून ऐकलेलं, काही कागदांवर वाचलेलं आणि उरलेलं समोर उभं राहून पाहिलेलं आहे.

दोन हजार बाराचा नोव्हेंबर. भारत एकोणीस वर्षांचा होता. कापसाने भरलेल्या ट्रॉलीवरून घसरला आणि उजवा हात कोपराच्या वर मोडला. त्यांचं गाव तलमडुगु मंडळात (तिकडे तालुक्याला मंडळ म्हणतात), आदिलाबादपासून जीपने तासाभरावर. वडील माणिकराव, आई बयनाबाई आणि पंधरा वर्षांची चंदा त्याला घेऊन आदिलाबादला आमच्याकडे आले. दवाखाना माझ्या सासऱ्यांचा, डॉक्टर नरसिंगरावांचा. ते भूलतज्ज्ञ. हाडांचे डॉक्टर नांदेडहून यायचे, भूल सासरे द्यायचे.

भारतला काही खायला द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, असं सिस्टरने बजावून सांगितलं होतं. बयनाबाईंनी घरून डबा आणला होता, ज्वारीच्या भाकरी आणि अंबाडीची भाजी. भारतला आत घेतल्यावर बाहेरच्या बाकावर बसून तो डबा चंदाने खाल्ला. सगळा. पहाटेपासून उपाशी होती, पोरवय होतं. आईने रिकामा डबा नळावर नेऊन विसळला.

तासाभराने आत पळापळ सुरू झाली. कोणी बर्फ घेऊन गेलं, कोणी ओल्या चादरी. मग बराच वेळ काहीच हललं नाही. शेवटी नरसिंगराव बाहेर आले. त्यांची नजर बयनाबाईंच्या हातातल्या डब्यावर गेली.

"घरून डबा आणला होता?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब."

"रिकामा आहे?"

"हो."

"म्हणजे खाऊ घातलंत तुम्ही मुलाला," ते माणिकरावांकडे वळून म्हणाले. "पोटातलं अन्न श्वासात गेलं. आम्ही पुष्कळ केलं. नाही वाचला."

चंदा ओरडली, "मी खाल्लं! डबा मी खाल्ला!" कोणी ऐकलं नाही. ज्यांनी ऐकलं त्यांना वाटलं, पोर आईला वाचवायला बघते आहे.

शव ताब्यात मिळालं तेव्हा चंदाने भावाच्या पायाला हात लावला. तो पाय जिवंत माणसापेक्षा गरम होता आणि लाकडासारखा ताठ. मेलेलं माणूस गार असतं एवढं तिला ठाऊक होतं. तिने आईला तसं म्हटलं. आईला तेव्हा काही ऐकू येत नव्हतं.

गावात गोष्ट भारतच्या आधी पोचली. बयनाबाईंना बायका पाणवठ्यावर जागा देईनात. 'पोरगं खाल्लेली' असं नाव पडलं, आधी पाठीमागे, मग तोंडावर. माणिकरावांनी त्या दिवसापासून बायकोच्या हातचं खाणं सोडलं. शेजारी धाकट्या भावाचं, देवाजीचं घर होतं, तिथे दोन वेळा जाऊन जेवायचे. बायकोशी बोलणं बंद. घर एक, अंगण एक, आणि अकरा वर्षं त्या माणसाने तिच्या चुलीवरचा घोटभर चहासुद्धा घेतला नाही.

चंदा मला एकदा म्हणाली होती, "मॅडम, तो डबा माह्या पोटात होता. रोज मी पाहू, बाप देवाजीकाकाकडं जेवाले चालला, अन् माय भाकर थापून एकटी खाऊन राह्यली. मी मनात म्हणू, त्या डॉक्टरले मी सोडनार नाई."

एवढा राग पंधराव्या वर्षी पुष्कळांना येतो. तो विझू न देता तिने त्याचा अभ्यासक्रम केला. बारावीनंतर हैदराबादला जाऊन भुलेच्या तंत्रज्ञाचा डिप्लोमा घेतला. त्या डॉक्टरने आत काय केलं हे कळायचं असेल तर आत शिरलं पाहिजे, एवढा साधा तिचा हिशोब.

दुसऱ्या वर्षाला एका तासाला भुलेच्या गॅसबद्दल शिकवत होते. गॅस म्हणतात खरं, पण बाटलीत ते पाण्यासारखं द्रव असतं. मशीनवर व्हेपोरायझर नावाचं जड भांडं असतं, त्यातून त्याची वाफ प्राणवायूत मिसळून मोजून फुप्फुसात जाते. जुन्या काळी हॅलोथेन, नंतर आयसोफ्लुरेन, आता बहुतेक सेवोफ्लुरेन. वाफ सुरू आहे तोवर माणूस झोपलेला, बंद केली की काही मिनिटांत जागा. लाखो लोकांना ती बाधत नाही. पण एखाद्या घराण्याच्या रक्तात असं काही असतं की तीच वाफ अंगातले सगळे स्नायू एकदम पेटवून देते. जबडा आवळतो, हातपाय ताठ होतात, नाडी दुप्पट धावते, ताप एकशे सात-आठपर्यंत चढतो. मॅलिग्नंट हायपरथर्मिया. त्यावर एकच औषध, आणि ते मोठमोठ्या शहरांतही चटकन मिळत नाही.

चंदा वर्गातून उठून बाहेर गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या तळहाताला भावाचा पाय आठवत होता.

पुढचं वाक्य तिने वहीत लिहून घेतलं होतं, ती वही मी पाहिली आहे: 'घरात एकाला झालं तर रक्ताच्या सर्व नातेवाइकांना सांगणे डॉक्टरचे कर्तव्य.' खाली तिने दोनदा रेघ ओढली होती. मधल्या काळात पूनमताईचं, तिच्या थोरल्या बहिणीचं, भैंशाला सिझेरियन झालं होतं. कमरेत सुई दिली म्हणून ती वाचली. गॅस दिला असता तर?

दोन हजार अठरात ती आमच्याकडे कामाला आली. एकवीस वर्षांची, किडकिडीत, बोलणं कमी. अर्जावर पत्ता मामाचा, भैंशाचा. त्या आडनावाची माणसं या भागात गावोगाव आहेत. मला कसलाही संशय आला नाही. सासऱ्यांना तर नाहीच. त्यांनी त्या पोरीचं तोंड सहा वर्षांपूर्वी ओरडताना पाहिलं होतं, आणि ओरडणारी तोंडं डॉक्टर लक्षात ठेवत नाहीत.

मीही भूलतज्ज्ञच. नवरा हेरंब सर्जन. मामंजींनी (सासऱ्यांना मी तशीच हाक मारते) मोठ्यांच्या केसेस माझ्यावर सोपवल्या होत्या, पण लहान मुलांची भूल ते सत्तरीतही स्वतः द्यायचे. त्यात त्यांचा हातखंडा होता, हे मी आजही म्हणेन. मूल मांडीवर घेऊन, गोष्ट सांगत, मास्क फुग्यासारखा तोंडाजवळ आणायचे. मूल गोष्ट अर्धी ऐकून झोपायचं.

सहा महिन्यांत चंदाशिवाय माझं पान हलेना. सकाळी सातला येऊन मशीन तपासायची, नळ्या, सिलिंडर, उच्छ्वासातला कार्बन डायॉक्साइड शोषणारा चुन्याचा डबा. प्रत्येक रुग्णाला ताप मोजायची तार लावायचीच, अर्ध्या तासाचं ऑपरेशन असलं तरी. मी एकदा म्हटलं, "अगं, एवढ्याशा केसला कशाला?" ती म्हणाली, "राहू द्या मॅडम." मला वाटलं, काटेकोर पोरगी आहे.

भुलेच्या आधी रुग्णाला विचारायच्या प्रश्नांचा आमचा फॉर्म इंग्रजीत होता. तो मराठीत आणि तेलुगूत करायची कल्पना तिचीच. मी आनंदाने होकार दिला. आठ प्रश्न होते: दमा आहे का, रक्तदाब आहे का, दात हलतो का, असे. तिने नववा सुचवला. 'रक्ताच्या नात्यात कोणाला भूल देताना त्रास झाला होता का? कोणी दगावलं होतं का?' मी म्हटलं, हा तर असायलाच हवा, इतकी वर्षं नव्हता हेच आश्चर्य. मामंजींनी फॉर्म वाचला, नवव्या प्रश्नाशी जरा थांबले आणि "ठीक आहे" म्हणून परत दिला. त्यांचं थांबणं मी पाहिलं नाही. चंदाने पाहिलं.

जुन्या फाइली माळ्यावर गठ्ठे बांधून ठेवलेल्या होत्या. त्या लावून द्यायचं काम तिने मागून घेतलं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तासभर वर बसायची. दोन हजार बाराचा गठ्ठा तिला दुसऱ्या महिन्यात सापडला. भारतच्या फाइलीत भुलेचे दोन तक्ते होते. एक स्वच्छ अक्षरातला, 'उलटी, अन्न श्वासमार्गात'. दुसरा घडी घातलेला, घाईत लिहिलेला. हॅलोथेन सुरू, वेळ. जबडा ताठ. नाडी एकशे सत्तर. हॅलोथेन बंद, वेळ. जबडा ताठ झाल्यापासून बारा मिनिटं. अंग ताठ. ताप एकशे आठ. आणि खाली कोपऱ्यात दोन इंग्रजी अक्षरं, पुढे प्रश्नचिन्ह. त्या रोगाच्या नावाची ती आद्याक्षरं. दोन्ही कागदांवर अक्षर एकाच माणसाचं होतं.

म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

चंदाने फोटो काढले, गठ्ठा बांधला, खाली आली आणि दुपारच्या केसला उभी राहिली. त्यानंतर जवळजवळ पाच वर्षं ती त्याच माणसाच्या हातात मास्क देत राहिली, "हो सर, झालं सर" म्हणत. पोलिसांत का गेली नाहीस, असं मी नंतर विचारलं. ती म्हणाली, "कागद माह्याकडं, पण तोंड त्यायचं. ते म्हनले असते, हे मी लिव्हलंच नाई. मले त्यायच्या तोंडून पाह्यजे होतं."

ती वाट पाहत होती ती पंकजची. पंकज पूनमताईचा मुलगा, आठ वर्षांचा. त्याला जन्मापासून जांघेत हर्निया होता आणि तो कधी ना कधी शिवावा लागणारच होता. दोन हजार तेवीसच्या डिसेंबरात त्याला दुखायला लागलं. चंदाने बहिणीला सांगितलं, "आमच्याकडं आन. बुधवारी. अन् डॉक्टर जे विचारतील त्याचं खरं-खरं उत्तर दे. बस, एवढंच." मी तुझी बहीण आहे हे मात्र आत कोणाला सांगू नकोस, असंही सांगितलं. गॅसचं, रक्ताचं तिने बहिणीला काहीच सांगितलं नव्हतं.

बुधवारी सकाळी नऊला मी थिएटरच्या बाहेरच्या खोलीत माझ्या केसचे कागद लिहीत बसले होते. हेरंब आत हात धूत होता. मामंजी स्टुलावर, समोर पंकज, मागे पूनमताई. चंदा ट्रे घेऊन दाराशी. मामंजी मुलाशी हसत एकेक प्रश्न विचारत गेले. आठ झाले. नववा त्यांनी जरा भरभर वाचला.

"रक्ताच्या नात्यात कोणाला भूल देताना त्रास? कोणी दगावलं होतं?"

"हो जी," पूनमताई म्हणाली. "माहा भाऊ."

"कुठे?"

"हितंच. ह्याच दवाखान्यात. अकरा वर्सं झाली. भारत नाव होतं. हात मोडला होता त्याचा. तुमीच भूल देल्ली होती."

मी लिहिताना मान वर केली. मामंजींचं पेन कागदावर टेकलेलं होतं, त्याखाली शाईचा ठिपका मोठा होत होता.

"मायनं भाकर चारली म्हून गेला म्हने," पूनमताई पुढे म्हणाली. "तुमीच सांगतलं होतं ना."

चंदा एक पाऊल पुढे आली. तिचा आवाज रोजचाच होता. "सर, सेवो लावू?"

त्यांनी पंकजच्या दंडावर हात ठेवला, जबड्याखाली बोटं फिरवली, जणू तपासत आहेत. मग म्हणाले, "आज नको. याला हैदराबादला न्या. मी चिठ्ठी देतो."

"काऊन सर? पोरगा उपाशी आहे. छाती साफ आहे. ताप नाई."

"गॅस नको याला."

"काऊन?"

"चंदा, सांगितलं ना."

"मामा तर भाकर खाऊन मेला म्हनता. भाकर काई रक्तात उतरत नाई. मंग याले गॅस काऊन नको?"

मी उठून उभी राहिले. इतक्या वर्षांत तिने त्या माणसाला उलट प्रश्न केलेला मी ऐकला नव्हता. पूनमताई एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत होती. मामंजी हळूच म्हणाले, "तू कोण गं?"

"भारतची बहीन. तो डबा मी खाल्ला होता सर. मी ओरडून सांगतलं होतं तुमाले."

पंकज पाय हलवत होता.

"नवव्या प्रश्नापुढं जागा आहे," चंदा म्हणाली. "गॅस नको तर कारण लिहा. सही करा."

त्यांना उठून जाता आलं असतं. 'या बाईला बाहेर काढा' म्हणता आलं असतं. दवाखाना त्यांचा होता. त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. 'मामा भारत यांचा मृत्यू २०१२ साली हॅलोथेनमुळे झाल्याची दाट शक्यता. रुग्णास व रक्ताच्या नातेवाइकांस भुलेचा कोणताही गॅस देऊ नये.' खाली सही, तारीख. मग चष्मा काढून ते तसेच बसले.

चंदाने कागद घेतला, शाई वाळेपर्यंत धरून ठेवला आणि माझ्याकडे वळली. "मॅडम, चला. शिरेतून औषध अन् कमरेत सुई. तयारी आहे."

आत गेले तर मशीनवर एकही व्हेपोरायझर नव्हतं. सगळी भांडी काढून कपाटात कुलपात ठेवलेली. नळ्या नव्या, चुना नवा. सहा वाजल्यापासून मशीनमधून नुसता प्राणवायू सोडून तिने ते धुऊन काढलं होतं. पंकजच्या छातीला ताप मोजायची तार मी स्वतः लावली. ऑपरेशन चाळीस मिनिटांत झालं. ताप अठ्ठ्याण्णवच्या वर गेला नाही. हेरंबला बाहेर काय घडलं ते काहीच ठाऊक नव्हतं. तो टाके घालताना क्रिकेटबद्दल बोलत होता.

पंकज जागा होऊन पाणी मागायला लागल्यावर मी चंदाला कपडे बदलायच्या खोलीत ओढत नेलं.

"तू त्या पोराला आमिष म्हणून वापरलंस."

"हो," ती म्हणाली.

"आणि त्यांनी गॅस लाव म्हटलं असतं तर?"

"मशीनवर गॅस होताच कुठं? पंकजच्या केसाले धक्का लागला नसता."

"ते कळलं. त्यांचं काय झालं असतं?"

ती बाकावर बसली. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मंग मी थितंच सगळ्याईले बोलावून दाखवलं असतं, पाहा, एकाले मारलं, आता त्याच्या भाच्याले मारून राह्यले. पोलीस, पेपर, सगळं. त्यायची जिंदगी खतम झाली असती." टोपीची घडी घालत म्हणाली, "मॅडम, खरं सांगू का? मी तेच व्हावं म्हून बसली होती. ते नाई म्हनले तवा मले वाईट वाटलं."

मी तिच्या थोबाडीत मारली असती. मारली नाही, कारण मला तेव्हाच दुसरंही कळत होतं. दोन हजार बारात, या जिल्ह्यात, ते औषध नसताना, भारतला मीही वाचवू शकले नसते कदाचित. जबडा आवळल्यावर बारा मिनिटं गॅस चालू राहिला ही चूक. पण अशी चूक माझ्या हातूनही होऊ शकते. बाहेर येऊन त्या बाईच्या डब्याकडे पाहून जे बोललं गेलं, ते चुकून बोललं जात नाही.

हेच चंदा वेगळ्या शब्दांत म्हणाली. "भाऊ मेला त्याचं मी मागत नाई. मायचं मागून राह्यली."

तिची मागणी एकच होती. नरसिंगरावांनी गावी यायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं. हेरंब संतापला, "ब्लॅकमेल आहे हे." त्याने मला विचारलं, तू कोणाच्या बाजूने आहेस. मी म्हटलं, मी येणार आहे गाडीत. मामंजी दोन दिवस खोलीबाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "रविवारी जाऊ." मी विचारलं, "तो कागद तुम्ही ठेवलात कशाला? फाडून टाकला असतात तर काही राहिलं नसतं." त्यांनी ताटातला भात बोटांनी गोळा केला. "फाडवला नाही," एवढंच म्हणाले.

ग्रामपंचायतीपुढच्या शेडमध्ये पाऊणशे माणसं जमली होती. चंदाने घरोघर जाऊन बोलावलं होतं, एकही घर सोडलं नव्हतं. माणिकराव देवाजीशेजारी सतरंजीवर. बयनाबाईंना खुर्ची दिली होती, त्या खांबाला धरून उभ्याच राहिल्या. वाळलेली, उंच बाई, पदर डोक्यावर घट्ट.

मामंजींनी सुरुवात केली ती स्नायू, गुणसूत्रं वगैरेंपासून. चंदाने तोडलं. "सर, सोपं सांगा. आमी शिकलेले नाई."

त्यांनी घसा साफ केला. "भारतने काही खाल्लं नव्हतं. भुलेच्या औषधाने तो गेला. मला माहीत होतं. मी खोटं बोललो."

लोकांत कुजबुज झाली. बयनाबाई म्हणाल्या, "पुन्ना सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं.

"मोठ्यानं सांगा. ती तिकडं चंपतची माय बसली आहे, तिले कमी ऐकू येते. तिनंच मले पयल्यांदा पोरगं खाल्लेली म्हटलं."

तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं, जवळजवळ ओरडून, आणि आवाज मध्येच फाटला. सत्तर वर्षांचा माणूस, पांढरा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. हेरंबने मान फिरवली. मी फिरवली नाही. चंपतच्या आईने पदर तोंडावर ओढला. बयनाबाईंनी तिच्याकडे पुरतं बघून घेतलं, मग शेडमधल्या एकेका बाईकडे, रांगेने. रडल्या नाहीत. 'जाऊ द्या' म्हणाल्या नाहीत. डॉक्टर हात जोडून उभे होते, त्यांच्या हातांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

माणिकराव उठले. धोतर सावरत बायकोसमोर आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी बोलले. "चाल घरी. वाढ मले."

"देवाजीच्या घरी शिजलं असन," बयनाबाई म्हणाल्या. "थितं जा. अकरा वर्सं माह्या हातचं तुमाले चाललं नाई. आता मी वाढत नाई."

त्या घरी गेल्या, ट्रंकेत चार लुगडी भरली आणि चंदाबरोबर आदिलाबादला निघाल्या. नवरा अंगणात उभा होता, त्याच्या बाजूने निघून गेल्या.

आमच्या गाडीपाशी हेरंब चंदाला म्हणाला, "झालं ना आता समाधान?"

"ते मायचं झालं," चंदा म्हणाली. "माह्यं बाकी आहे."

सोमवारी तिने दोन्ही तक्त्यांच्या प्रती, नवव्या प्रश्नाचा सही केलेला कागद आणि शेडमध्ये फोनवर घेतलेलं चित्रीकरण वैद्यकीय परिषदेकडे पाठवलं. हेरंबने तिला फोनवर शिव्या दिल्या. गावी गेलो तर विषय संपेल असं ठरलं होतं, म्हणाला. असं काहीच ठरलं नव्हतं. त्याने आपल्या मनाशी ठरवलं होतं, तिने कबूल केलं नव्हतं. परिषदेने मला बोलावलं आणि अक्षर कोणाचं आहे ते विचारलं. मी खरं सांगितलं. परतल्यावर घरात तीन महिने माझ्याशी कोणी नीट बोललं नाही. मामंजींचं नाव वर्षभरासाठी नोंदणीतून काढलं गेलं. वर्ष संपलं, पण ते पुन्हा थिएटरमध्ये पाय ठेवायला गेले नाहीत.

पूनमताईसुद्धा बहिणीवर महिनाभर रुसली होती. माझ्या लेकराला न सांगता मध्ये का उभं केलंस, हा तिचा प्रश्न. मग ती आली, कारण रक्ततपासणीला यायचंच होतं. नमुने हैदराबादला पाठवले. पूनमताईच्या रक्तात तो दोष निघाला, पंकजच्याही. चंदाच्या निघाला नाही. बयनाबाईंच्याही नाही. माणिकरावांच्या निघाला.

भारतला जे मारून गेलं ते बापाकडून आलेलं होतं. यात बापाचा दोष नाही, कोणाचाच नसतो, मी चंदाला समजावलं. तरी ती रिपोर्ट घेऊन गावी गेली आणि देवाजीच्या ओसरीवर, बाप जेवत असताना, मोठ्याने वाचून दाखवला. ताट अर्धं टाकून तो उठला म्हणे. मी म्हटलं, एवढं करायला नको होतं. ती म्हणाली, "करायचं होतं."

आता ती आदिलाबादमधल्याच दुसऱ्या एका दवाखान्यात काम करते. बयनाबाई तिच्याजवळ राहतात. भावकीतल्या एक्केचाळीस माणसांसाठी आम्ही दोघींनी मिळून कार्डं बनवली, खिशात मावतील अशी, मराठी, तेलुगू आणि इंग्रजीत. या व्यक्तीस भुलेचा गॅस देऊ नये. खाली भारतचं नाव, मृत्यूची तारीख, आणि त्याच्या खाली एक ओळ, भूल देणारे डॉक्टर नरसिंगराव. ती ओळ वैद्यकीयदृष्ट्या गरजेची नाही. हेरंबने मला ती काढायला लावायला सांगितलं. मी चंदाकडे विषय काढला.

"नाव राहील मॅडम," ती म्हणाली. "तुमाले सही नाई करायची तर दुसऱ्याची घेतो."

मी एक्केचाळीस कार्डांवर सही केली.

मागच्या महिन्यात भैंशाहून एका तरुण भूलतज्ज्ञाचा फोन आला. अपेंडिक्सची एक मुलगी आली होती, तिच्या बापाने ते कार्ड दाखवलं. त्याने आभार मानले, गॅस न देता केस कशी केली ते सांगितलं. मग विचारलं, "मॅडम, हे नरसिंगराव कोण?"

"माझे सासरे," मी म्हणाले.